बाजाराचा वार आणि गावाची वेस

पुण्याहून पौड रस्त्याला लागले की चांदणी चौकानंतर बावधन, मग भूगाव आणि मग भुकूम लागते. याच गावाच्या खाटपेवाडीकडच्या डोंगरात राम नदी उगम पावते आणि भूगावच्या मानस तलावातून, बावधन-पाषाणवरून पुण्यात उतरून मुळेला मिळते. पाणी गावाकडून शहराकडे जाते. शहर मात्र गेली काही दशके त्याच वाटेने वर चढत आले आहे. भातखाचरांच्या कडेने गृहसंकुले उभी राहिली, डोंगरउतारावर फार्महाउस आली, पुढे पिरंगुटला कारखाने आले. अशा पट्ट्यात मोकळ्या आवारात, झाडांखाली, आठवड्यातून एक दिवस हातच्या वस्तूंचा आणि घरच्या खाण्याचा बाजार भरावा हे साहजिकच आहे. अशा बाजारात जाणारा शहरी माणूस बहुधा एक समजूत मनाशी घेऊन जातो. ही आपल्या गावाकडची जुनी रीत, मधल्या काळात मॉलने आणि घरपोच खरेदीने ती मोडली, आता ती परत येते आहे. आणि जुन्या बाजारात सगळे कसे गावचे असे, गावात पिकलेले, गावातल्या हातांनी घडवलेले. या समजुतीचा पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसरा भाग इतिहासाला धरून नाही, आणि आठवडे बाजाराचे खरे मोल नेमके तिथेच आहे, असे माझे म्हणणे आहे. मावळातला आठवडे बाजार ही गावाची बाहेर उघडणारी वेस होती. गावात जे होते त्यासाठी बाजारात जायची गरज नव्हती. जे नव्हते त्यासाठी माणसे जात, आणि गावगाड्यात ज्यांना जागा नव्हती किंवा असलेली जागा नकोशी होती, अशी पुष्कळ माणसे तिथे विकायला बसत.

बाजार आठवड्यानेच का भरतो, इथपासून सुरुवात केली पाहिजे. दुकान रोज उघडे ठेवायचे तर रोज गिऱ्हाईक हवे. शे-दीडशे उंबऱ्यांच्या गावात मीठ, बांगड्या, कापड, लोखंड यांना रोज गिऱ्हाईक मिळत नाही. पण दहा-वीस गावांची गरज एका जागी, एका वारी गोळा झाली की विकणाऱ्याचा दिवस भागतो. उरलेल्या दिवसांत तो रिकामा बसत नाही, कारण शेजारच्या बाजारगावांचे वार वेगळे असतात. आज इथे पाल ठोकायचे, उद्या गाठोडी बांधून पुढच्या गावाला, असे सात दिवसांचे वर्तुळ पुरे करून तो परत पहिल्या गावी येतो. ही व्यवस्था जगात अनेक ठिकाणी अशीच उभी राहिली, फक्त दिवसांची संख्या बदलली. जावा बेटावर पाच दिवसांचे बाजारचक्र आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो लोकांत चार दिवसांचे, आणि त्या चार दिवसांची नावे हीच बाजारांचीही नावे आहेत. प्राचीन रोमचा बाजार दर आठव्या दिवशी भरे. विल्यम स्किनर या अभ्यासकाने १९६४-६५ मध्ये चीनच्या खेडोपाडीच्या बाजारांवर जे लेख लिहिले, त्यांतही हाच हिशेब दिसतो: विरळ मागणी, पायी चालण्याचे अंतर आणि फिरता विक्रेता. आठवडे बाजाराच्या मुळाशी हे साधे गणित आहे, आणि त्यातून एक निष्कर्ष आपोआप निघतो. जी वस्तू शेजारच्या आळीत रोज मिळते तिला वाराची वाट पाहावी लागत नाही. वाराची वाट पाहावी लागते ती दुरून येणाऱ्या वस्तूची.

आणि शेजारच्या आळीत पुष्कळ काही मिळत होते, पण ते विकत मिळत नव्हते. थॉमस कोट्स या इंग्रज वैद्याने १८२० च्या सुमारास पुण्याजवळच्या लोणी गावाची जी पाहणी लिहून ठेवली, तिच्यात बलुतेदारांची व्यवस्था आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात तर ती फार बारकाईने, आणि बरीच कठोर टीका करत, मांडलेली आहे. सुतार नांगर भरून देई, लोहार फाळ शेवटून देई, कुंभार गाडगी-मडकी पुरवी, चांभार मोट आणि वहाणा शिवी. आणि या कामाचा मोबदला खळ्यावर धान्याच्या वाट्याने मिळे. म्हणजे आज आपण ज्याला गावची हस्तकला म्हणतो, तिचा मोठा हिस्सा बाजाराच्या बाहेर होता. कुंभाराचे मडके कुणब्याच्या घरात येई ते किंमत ठरवून नव्हे, हक्क आणि कर्तव्य म्हणून. मग बाजारात कोण बसे? जे कुठल्याच एका गावाचे बलुतेदार नव्हते ते. सुपे, रोवळ्या, दुरड्या, हारे विकणारा बुरूड; भांडी घेऊन येणारा तांबट आणि कासार; घोंगड्या घेऊन येणारा धनगर; जडीबुटीवाला वैदू; पाटे-वरवंटे आणि जाती घेऊन फिरणारे पाथरवट. मावळच्या पावसात बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले डोक्यावर घेतल्याशिवाय भातलावणी होत नसे, आणि दर पावसाळ्याआधी ते बाजारातून नवे आणावे लागे. रानातून करवंदे, जांभळे, मध, हिरडा आणणारे कातकरी आणि महादेव कोळी यांचीही रोकडीशी ओळख इथेच होई. आत्र्यांनी ज्यांना फिरस्ते म्हटले, त्यांतल्या अनेकांचा मुक्काम गावाला नकोसा असे, पण बाजारातले त्यांचे पाल चालत असे.

भुकूम ज्या तालुक्यात येते त्या मुळशीच्या बाबतीत भूगोलाने ही गोष्ट आणखी ठळक केली. या खोऱ्यांच्या पाठीशी सह्याद्रीचा कडा आणि त्याखाली कोकण. ताम्हिणी, सावळ्या अशा घाटवाटांनी बैलांवर आणि डोक्यावर माल चढे-उतरे. वर येई मीठ, सुकट, बोंबील, नारळ. खाली जाई देशावरचे धान्य, मिरची, गूळ. मुळशीच्या घरात भाताचा कण घरचा असे, पण त्यात पडणारे मीठ समुद्राचे असे, आणि ते बाजारातूनच येई. इंद्रायणीकाठच्या देहूचे उदाहरण इथे बोलके आहे. तुकारामांच्या घराण्याकडे देहूच्या पेठेची महाजनकी होती आणि घरात वाणीपणाचा व्यवसाय होता, हे सर्वश्रुत आहे. अठराव्या शतकात महिपतींनी जी संतचरित्रे रचली, त्यांत तुकाराम मिरच्यांच्या गोणी भरून कोकणात विकायला गेल्याची कथा येते. कथा भक्तीची आहे आणि तिच्यातला चमत्कार इतिहासाच्या कामाचा नाही. पण ती ऐकणाऱ्यांना देशावरच्या वाण्याने घाट उतरून मिरची विकणे अगदी स्वाभाविक वाटत होते, एवढे तरी तिच्यातून पक्के कळते. आणि मिरची तरी कुठली? पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून आलेले हे पीक. दोन-अडीचशे वर्षांत ते इतके आपले झाले की संताच्या चरित्रात बसले. मावळी ठेचा, बटाट्याची भजी, शेंगदाण्याची चटणी, मक्याचे कणीस असे जे आज गावाकडचे खाणे म्हणून पानावर वाढले जाते, त्यातला बराचसा भाग परदेशातून येऊन इथल्या मातीत रुळलेला आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. बलुत्याचे हे चित्र इंग्रज अधिकाऱ्यांनी रंगवलेल्या स्वयंपूर्ण खेड्याच्या दंतकथेला पुष्टी देते, असे काही इतिहासकार म्हणतील. फ्रँक पर्लिन यांनी सतराव्या-अठराव्या शतकांतल्या महाराष्ट्राच्या कागदपत्रांवरून दाखवले, की तेव्हाचा ग्रामीण प्रदेश रोकडीपासून मुळीच अलिप्त नव्हता. तांब्याची नाणी, कवड्यासुद्धा खेड्यापर्यंत फिरत होत्या. हिरोशी फुकाझावा यांच्या अभ्यासातूनही बलुतेदाराचा मोबदला एकाच साच्याचा नव्हता, त्यात धान्य, जमीन आणि रोख असे अनेक प्रकार मिसळलेले होते, हे स्पष्ट होते. कुंभार बलुत्यातून उरलेली मडकी गाढवावर लादून बाजाराला नेई, हेही खरे. मी हे सगळे मान्य करतो, आणि माझे म्हणणे त्याने ढासळत नाही. उलट, खेडे रोकडीशी जोडलेले होते ते बाजारानेच. सरकारचा वसूल रोख भरायचा तर धान्य कुठेतरी विकावे लागे. शिवराई नाणे कुणब्याच्या कनवटीला येई ते बाजाराच्या वारी, आणि पुष्कळदा त्याच संध्याकाळी सावकाराकडे किंवा पाटील-कुलकर्ण्यांमार्फत वसुलात जाई. खेडे बंदिस्त होते असे मी म्हणत नाही. ते ज्या जागी उघडे होते तिचे नाव बाजार, एवढेच म्हणतो.

राज्यकर्त्यांनाही हे चांगले ठाऊक होते. नवी पेठ वसवायची तर सरकार कौल देई, काही वर्षे कर माफ करी, म्हणजे बाहेरचे व्यापारी येऊन राहतील. पेठेवर शेटे आणि महाजन हे वतनदार असत. वजनमापे, तंटे, पाहुण्या व्यापाऱ्याची सोय हे त्यांच्याकडे, आणि बदल्यात विकायला आलेल्या मालातून हक्काची मूठ, फसकी. जकात आणि मोहतर्फा, म्हणजे कारागीर-दुकानदारांवरचा कर, हे वेगळे. आठवडे बाजार म्हणजे काही निरागस देवघेवीची जागा नव्हती. टोपली खाली ठेवल्यापासून ती उचलेपर्यंत कुणाचा ना कुणाचा हात तिच्यात जात असे, आणि माळणीच्या पाटीतून उचलली जाणारी मूठ तिने तक्रार न करता सोडून द्यायची, ही रीत वतने गेल्यानंतरही वेगळ्या रूपांत चालू राहिली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये शहरात माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याची जी लूट वर्णिली आहे, ती याच परंपरेची पुढची पायरी होती.

भुकूमसारख्या गावाचा बाजार पुण्याशी बांधलेला होता, हे अंतरावरूनच ठरते. पायी निघून त्याच दिवशी परतता येईल एवढ्या टप्प्यात मोठे शहर असले की दूध, गवत, सरपण, भाजी यांचा ओघ तिकडे जातो. पुण्याचा भाजीबाजार एकोणिसाव्या शतकात शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरे. नगरपालिकेने तो उठवून १८८६ मध्ये रे मार्केटच्या दगडी इमारतीत नेला. तिला आज आपण महात्मा फुले मंडई म्हणतो. गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की ज्यांचे नाव या इमारतीला मिळाले, त्या फुल्यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर जावा असे त्यांचे मत होते. मंडई झाली तशी उघड्यावर बसण्याची जागा गाळ्यांत बदलली, आणि गाळा आला की गाळेधारक आला. खेड्यातून पाटी घेऊन येणारी बाई आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक कायमचा माणूस उभा राहिला. पुढे १९६३ च्या कृषी उत्पन्न बाजार समिती कायद्याने शेतकऱ्याला वजनकाट्याचे आणि उघड लिलावाचे संरक्षण दिले. त्याबरोबर आडत्याचे स्थानही पक्के केले. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला समितीच्या सक्तीतून मोकळा केला आणि त्याच सुमारास कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शहरांत शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. पुण्याच्या वस्त्यांत ते चांगले रुजले. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या फेऱ्यानंतर शहराने वाराचा बाजार पुन्हा जवळ केला, पण या वेळी तो शहराच्या अंगणात आणि शहराच्या गरजेने.

एकोणिसाव्या शतकाने खेड्यातल्या बाजाराचे जे केले ते याहून खोल होते. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावली, आणि बैलांच्या तांड्यांवर चालणारा वंजाऱ्यांचा व्यापार आटत गेला. लहान घाटवाटा ओस पडू लागल्या. बाजारात गिरणीचे कापड आले, रॉकेल आले, पत्र्याचे डबे आले, पुढे अॅल्युमिनियमची भांडी आली, ज्यांना आपल्या आज्या ‘जर्मनची’ म्हणत. चहा आला. यातल्या प्रत्येक वस्तूने गावातल्या कुठल्या ना कुठल्या कारागिराचे काम काढून घेतले. याच टप्प्यावर हस्तकला खऱ्या अर्थाने बाजारात आली, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. खळ्यावरचे बलुते कमी-कमी मिळू लागले, कुणी द्यायला नाखूश झाले, कुणी घ्यायला. चांभाराने वहाणांचे जोड बाजारात मांडले आणि जोडाची किंमत सांगितली. कुंभाराने माठाची सांगितली. विळा, कोयता, खुरपे घडवणारा लोहार फुंकणीचा भाता घेऊन बाजाराच्या कडेला बसू लागला. पडझडीची ही कथा हळहळीने सांगता येते, आणि पुष्कळदा तशीच सांगितली जाते. पण तिच्यात एक सुटकाही आहे, आणि मला ती सुटका हळहळीपेक्षा मोठी वाटते.

बलुते म्हणजे नुसता धान्याचा वाटा नव्हता. ते जन्माने ठरलेले काम होते, ते नाकारता येत नसे, आणि त्याची पायरी जातीने ठरे. महारांच्या वतनाला डॉ. आंबेडकरांनी गुलामीचे बंधन मानले आणि १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. ती वतने कायद्याने जायला १९५८ उजाडावे लागले. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दामागचे ओझे मराठी वाचकाला नव्याने कळले. बाजारात अस्पृश्यता नव्हती असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. चहाच्या पालात वेगळ्या कपबश्या होत्या, पैसे वरून टाकले जात. तरी खळ्यावर मागून मिळणारे धान्य आणि बाजारात भाव सांगून मिळणारा पैसा यांत फरक होता. भाव सांगणाऱ्याला नाही म्हणता येते. तो एका गावाच्या मर्जीवर राहत नाही. या वारी नाही खपले तर पुढच्या वारी दुसऱ्या गावी. बायकांच्या बाबतीत हे आणखी खरे आहे. माळवे, अंडी, सुकी मासळी, रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बाईच्या हाती जो पैसा येई, तो घरातल्या दुसऱ्या कुठल्याच कामाने येत नसे. म्हणून गावच्या जुन्या कला जपायला बाजार भरवू या, असे कुणी म्हणते तेव्हा मला थांबून आठवण द्यावीशी वाटते, की त्या कलांच्या हातांना गावापासून थोडे मोकळे केले ते बाजारानेच.

मग स्थानिक असण्याला आज जे मोल आले आहे ते कुठून आले? मुळशीचे खोरे त्याचे उत्तर देते. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज मिळावी म्हणून खोऱ्यातली उत्तम भातजमीन पाण्याखाली गेली, आणि नुकसानभरपाईचा मोठा भाग सावकारांच्या हाती गेला. शहराला या खोऱ्यातून तेव्हा वीज हवी होती. तांदूळ त्याला दुसरीकडूनही मिळत होता. शंभर वर्षांनी तेच शहर याच खोऱ्याचा आंबेमोहर नावाने मागते. मावळ-मुळशीच्या आंबेमोहराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे एखादी वस्तू स्थानिक आहे याची किंमत ती जिथे पिकते तिथे ठरली नाही. ती दूर राहणाऱ्याच्या ओढीने ठरली. आणि आंबेमोहराच्या शेजारी मांडलेला इंद्रायणी, जो पुणेकर मावळचा म्हणून आवडीने नेतात? तो वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिला, आणि त्याच्या मायबापांत एक आंबेमोहर १५७ आहे तर दुसरा फिलिपिन्सच्या संशोधन संस्थेतून आलेला आयआर ८. म्हणून इंद्रायणी कमी मावळी ठरत नाही. मावळच्या मातीचे मावळीपण बाहेरचे घेऊन आपले करण्यातच होते, मिरचीपासून इंद्रायणीपर्यंत.

इथे दुसरा आक्षेप येतो: जुना बाजार जर बाहेरच्या मालाचाच होता, तर आजच्या बाजारात जयपूरची छापील कापडे, कच्छचे भरतकाम आणि बेकरीचे पाव आले, यात खटकण्यासारखे काय? माझ्या मते काहीच नाही. गोव्याच्या बार्देशात दोन बाजार एकमेकांपासून जवळच भरतात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आसपासच्या गावांचा आहे. तिथे मातीची भांडी, केळी, सुके मासे, मिरच्या, रोपे मिळतात आणि घेणारे-विकणारे दोघेही मुख्यतः त्याच मुलखाचे. हणजुण्याचा बुधवारचा बाजार १९७० च्या दशकात हिप्पींनी आपल्याजवळच्या वस्तू विकण्यासाठी सुरू केला, आणि आज तिथे कर्नाटकातल्या लमाण बायका, काश्मिरी व्यापारी, तिबेटी विक्रेते बसतात. हणजुणे भेसळीचे आणि म्हापसा खरा, असा निवाडा देणे सोपे आहे, पण बाहेरच्याचे येणे हाच निकष लावला तर म्हापशाच्या बाजाराला मीठ-मसाला आणणारा प्रत्येक व्यापारीही बाहेर काढावा लागेल. फरक वेगळ्या ठिकाणी आहे. म्हापशाला पेडण्याची किंवा डिचोलीची बाई आपली पाटी घेऊन येऊन बसते आणि संध्याकाळी बाजारातून घरचे सामान घेऊन जाते. ती विकते आणि घेतेही. हणजुण्याला आलेला माणूस घेऊन जातो, बसलेला माणूस विकून जातो, आणि गावाचा संबंध बहुतांशी जागेच्या भाड्यापुरता उरतो. जुन्या मावळी बाजारात मीठ घेऊन आलेला वाणी आणि करवंदे घेऊन आलेली कातकरीण एकाच धुळीत बसत. एकाने आणलेले दुसरीने नेले. दोन्ही बाजूंनी चालणारी ही देवघेव निघून गेली की उरते ती मोकळ्या हवेतली दुकानदारी. ती वाईट नाही, पण तिला आठवडे बाजाराचा वारसा सांगता येत नाही.

तिसरे म्हणणे असे की हे सारे इतिहासप्रेमी माणसाचे हट्ट आहेत. शहरातला ग्राहक चार पैसे जास्त देऊन हातमागाचे कापड, लाकडी घाण्याचे तेल, मातीचा तवा घेतो, त्यावर कुणाचे तरी घर चालते, तेवढे पुरे आहे. या बोलण्यात तथ्य आहे. कापडामागच्या विणकऱ्याला ते विकत घेणारा माणूस कुठल्या कारणाने आला याच्याशी कर्तव्य नसते. माझा आग्रह एवढाच, की जो बाजार भुकूमच्या हवेचे आणि मावळच्या मातीचे नाव घेऊन आपली किंमत वाढवतो, त्याने त्या मातीतल्या माणसांना विक्रेता म्हणून जागा द्यावी. गाड्या लावून देणारे आणि झाडलोट करणारे म्हणून ते असतीलच. अशा बाजारात गाळ्याचे दिवसाचे भाडे आधी भरायचे असते, मांडणी नीटनेटकी लागते, पैसे मोबाइलवर घ्यावे लागतात, आणि जिच्याकडे आठवड्याला फक्त दोन पाट्या करवंदे किंवा पाच शेर नाचणी आहे तिला यातले काही परवडत नाही. जुन्या बाजारातही पट्टी होतीच, पण ती पाटीच्या मापाची होती, आणि विकले गेल्यावर दिली तरी चालत असे. हातविक्रीचा हा छोटेपणा नव्या व्यवस्थेत बसवणे अवघड नाही. कुणी तरी तो ठरवून बसवावा लागेल इतकेच.

कायद्याने ही जबाबदारी कुणाची, हेही पाहण्याजोगे आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा नैसर्गिक बाजार ही कल्पना मानतो, आणि पन्नास वर्षांहून जुन्या अशा बाजारांना वारसा बाजार मानून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये असे सांगतो. पण तो शहरांसाठी आहे. खेड्यातल्या वाराच्या बाजाराला त्याची सावली मिळत नाही. २०२१ च्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत जी २३ गावे आली त्यांत बावधन बुद्रुक आणि सूस होती. भूगाव आणि भुकूम बाहेर राहिली. म्हणजे इमारतींनी शहर झालेले भुकूम कारभाराने अजून ग्रामपंचायतीचे आहे, आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १२४ पंचायतीला बाजार आणि आठवडे बाजारांवर फी बसवण्याचा अधिकार देते. ही फी आजवर बहुतेक पंचायतींनी फक्त उत्पन्नाची बाब म्हणून पाहिली, ठेकेदाराला लिलावाने देऊन टाकली. तिचा दुसरा उपयोगही होऊ शकतो. पाटीवाल्या बाईला नाममात्र पट्टी आणि सजवलेल्या गाळ्याला पुरी फी. तालुक्यातल्या उत्पादकांसाठी आवाराचा ठरलेला भाग. आणि पावसाळ्याच्या तोंडाला, इरली आणि बी-बियाणे विकण्याच्या दिवसांत, एखादा वार गावच्या खरेदीसाठी. ग्रामसभेत असा ठराव मांडायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही, आणि तो मांडणारे लोक भुकूममध्ये जुन्या आळ्यांतही असतील, नव्या संकुलांतही.